उजव्या गालावरचा तीळ

मी रिटायर होईपर्यंत शाळेत विज्ञान शिकवलं. रस्त्यात लिंबू-मिरची पडलेली दिसली की मुद्दाम त्यावर पाय देऊन पुढे जाणारी बाई मी. आई मागून ओरडायची, मी हसायचे. या सदरातले अनुभवही आजवर खरं सांगायचं तर हसण्यासाठीच वाचत आले. ओसाड बंगला, पैंजणांचा आवाज, पांढऱ्या साडीतली बाई... मनात म्हणायचे, या भुतांना दुकानात दुसरा रंग मिळत नाही का?

त्यामुळे आधीच सांगून टाकते – माझ्या गोष्टीत भूत नाही. कुणी दिसलं नाही, कसला आवाज आला नाही, दिवे गेले नाहीत. जे झालं ते भर दिवसा, भरल्या घरात झालं, आणि ते आकाराने मसुराच्या डाळीएवढं होतं. खरंच तेवढंच. पण त्यापायी माझ्या वहिनीचा संसार मोडला, आणि मला अजून कळलेलं नाही की नेमकं काय झालं.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. माझ्या थोरल्या भावाने, अरुणदादाने, जुईनगरला फ्लॅट घेतला होता. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, तिसरा मजला, हॉलच्या खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसायचे. दादा तुर्भ्याला एका कंपनीत अकाउंट्समध्ये होता. आई त्याच्याकडेच असायची. मी लग्न होऊन वाशीला, तिथल्याच शाळेत नोकरी. आम्ही मूळचे पाटणकडचे, आणि दादाची बायको नंदावहिनी साताऱ्याची.

वहिनी म्हणजे गरीब गाय असं चित्र डोळ्यासमोर आणू नका. चांगली बी.ए. झालेली, तोंडाने फटकळ, आणि हसायला लागली की थांबायची नाही. दादाचं आणि तिचं बरं चाललं होतं. दादा तसा अबोल, डोक्यावर टक्कल पडायला लागलेलं, हिशेब जुळला की खूश होणारा माणूस. वहिनी त्याला 'आमचा ताळेबंद' म्हणायची. मूलबाळ अजून नव्हतं, पण त्याचं टेन्शन त्या दोघांनी घेतलं नव्हतं.

वहिनीच्या उजव्या गालावर एक तीळ होता. हे मी ठामपणे सांगते, आणि का ठामपणे सांगते तेही सांगते. दादाच्या लग्नात मी करवली. साताऱ्याहून वरात परत निघाली तेव्हा जीपमध्ये मागच्या सीटवर मी वहिनीला खेटून बसले होते – ती माझ्या डाव्या हाताला, म्हणजे तिचा उजवा गाल माझ्याकडे. माहेर सुटल्यामुळे ती मुसमुसत होती. नाकात भली मोठी नथ. नथ आपल्याकडे डाव्या नाकपुडीत असते, त्यामुळे ती माझ्या पलीकडच्या बाजूला लकलकत होती आणि अलीकडच्या गालावर हा तीळ. मी तिला हसवायला म्हटलं, "वहिनी, देवाने तुमचा तोल बरोबर सांभाळलाय बघा. एका बाजूला नथ, दुसऱ्या बाजूला तीळ." ती रडता रडता फिसकन हसली. आमच्या घरची झाल्यावर ती पहिल्यांदा हसली ते माझ्या या वाक्यावर. असली गोष्ट माणूस विसरत नाही.

आता चित्राकडे येते.

दादाचे साहेब नोकरी सोडून परदेशी निघाले तेव्हा त्यांनी जाताना दादाला एक फ्रेम केलेलं चित्र भेट दिलं. नवीन फ्लॅटसाठी म्हणून. दादाला चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण साहेबांनी सांगितलेलं त्याने पाठ केलं होतं आणि घरी येईल त्याला तो ते ऐकवायचा. "हे कॅलेंडरवरचं छापील नव्हे. ओरिजिनल लिथो आहे. लिमिटेड एडिशन! दगडावर चित्र काढतात, त्यावरून मोजक्या प्रती छापतात आणि मग दगड घासून साफ. म्हणजे जगात तेवढ्याच प्रती. लोक कलेक्शन करतात यांचं." आमच्या आजोबांच्या पिढीत याला शिळाछाप म्हणायचे, एवढं मला ऐकून माहीत होतं.

चित्राच्या खाली कोपऱ्यात पेन्सिलीने ७/२५ असं लिहिलं होतं. पंचवीस प्रतींमधली ही सातवी. मी म्हटलं, "पंचवीसपैकी सात? दादा, तुझं चित्र नापास आहे." वहिनी इतकी हसली की तिला ठसका लागला.

चित्र मात्र सुंदर होतं, मला नावं ठेवता येणार नाहीत. सगळं काळ्या शाईत, खडूने काढल्यासारखं दाणेदार. नदीच्या घाटाच्या पायऱ्या. पायरीवर एक तरुण आणि एक तरुणी. तरुणाची आपल्याकडे पाठ, डोक्यावर दाट कुरळे केस, आणि तो तिच्या अंबाड्यात फूल खोचतोय. ती मान वळवून थेट आपल्याकडे बघतेय आणि हसतेय. कुणी बघत असलं तर बघू दे, असं ते हसणं. तिचा पदर उजव्या खांद्यावर होता. आई चष्मा लावून जवळ गेली आणि म्हणाली, "गुजराथीण दिसतीया." तो विषय तिथेच संपला आणि दादाने टीव्हीच्या वर खिळा ठोकून चित्र लावलं.

तुम्ही विचाराल, तेव्हाच कसं कुणाच्या लक्षात आलं नाही? नाही आलं. रोज समोर वावरणारा चेहरा भिंतीवरच्या चित्रात शोधायला कोण जातं?

लक्षात आलं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. सोसायटीतल्या बायका जमल्या होत्या. समोरच्या फ्लॅटमधल्या सावंत काकू वाण घेता घेता भिंतीकडे बघून थबकल्या. "अगो बाय! अरुणने बायकोचं काय सुंदर चित्र काढून घेतलान गो!"

सगळ्यांनी वर बघितलं. आणि एकदम गलका झाला. खरंच की! तेच कपाळ, तीच हनुवटी, हसताना एका बाजूला किंचित वर जाणारा ओठ. गालावरचा तीळसुद्धा. मी स्वतः तिथे होते आणि माझ्याही अंगावर काटा आला, पण गमतीचा. वहिनी तर लाजून लाल झाली. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आणि शेजारी हा कोण? अरुणभावजींना कुठले एवढे केस!"

बायका पोट धरधरून हसल्या. मीही हसले. दादा आतल्या खोलीत पेपर वाचत बसला होता आणि दार उघडं होतं.

त्या दिवसापासून दादा बदलला. भांडला नाही, ओरडला नाही. चित्राखाली सहीशेजारी सालही लिहिलेलं होतं, ते त्याने जाऊन पाहिलं. लग्नाच्या चार वर्षं आधीचं. वहिनी तेव्हा साताऱ्यात कॉलेजात. आणि साताऱ्याजवळ कृष्णेचा घाट. हिशेब करणारा माणूस तो, त्याने बेरीज केली.

एका रविवारी मी गेले तर त्याने चित्र भिंतीवरून उतरवलं, वहिनीला खुर्चीत बसवलं आणि चित्र तिच्या चेहऱ्याशेजारी धरलं. "मंजू, तू सायन्सवाली ना? आता तूच सांग. तेच कपाळ, तीच हनुवटी. तीळसुद्धा त्याच गालावर. याला काय म्हणायचं?"

तीळसुद्धा त्याच गालावर. दादाचे हे शब्द. मी या कानांनी ऐकलेले.

वहिनी म्हणाली, "अहो, पदर तरी बघा. जन्मात कधी मी उजव्या खांद्यावर पदर घेतलाय का?"

"कॉलेजात पोरी फॅशन म्हणून काय वाट्टेल ते करतात."

"दादा, जगात चेहऱ्यासारखे चेहरे असतात," मी म्हटलं. "योगायोग आहे."

"चेहरा योगायोग. तीळ योगायोग. घाट योगायोग. सालही योगायोग." त्याने चित्र परत खिळ्याला अडकवलं, सरळ आहे का बघितलं आणि तो चपला घालून खाली गेला. वहिनी खुर्चीत तशीच बसून राहिली. मी तिला सरळ विचारलं, कारण मला आडून विचारता येत नाही. "वहिनी, कुणी होतं का?" तिने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, "वन्स, घाटावर मी आईबरोबर दशक्रियेलाच गेलेय. दुसऱ्या कुणाबरोबर नाही." माझा तिच्यावर विश्वास बसला. आजही आहे.

पुढच्या आठवड्यात तिचा शाळेत फोन आला. "वन्स, ते रागावले असते तर बरं झालं असतं ओ. हे तर काहीच बोलत नाहीत. ताट वाढलं की खाली बघून जेवतात. काल म्हणाले, येत्या रविवारी तुला साताऱ्याला सोडतो. परत कधी न्यायला येणार विचारलं तर गप्प." मी म्हटलं, "रविवारच्या आत मी काहीतरी करते. तुम्ही बॅग भरू नका."

काय करणार होते देव जाणे. पण आमच्या शाळेत चित्रकलेच्या कामत बाई होत्या, माझी मैत्रीण. मी तिला चित्राचं वर्णन सांगितलं तर ती म्हणाली, "घाटावरचं? फूल खोचतोय तो? अगं, ते आमच्या सरांचं!" चित्रकार तिला कॉलेजात शिकवायला होते. दोन वर्षांपूर्वी वारले होते, म्हणजे त्यांना विचारण्याची वाट बंद. मॉडेल कोण होती ते कामतला माहीत नव्हतं. "सर तसलं काही बोलायचे नाहीत. पण त्यांची सगळी छपाई तुर्भ्यालाच व्हायची. चल, तुला दाखवते. तिथे एक प्रत अजून असेल बघ."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही तुर्भ्याला गेलो. कंपन्यांच्या मागच्या रस्त्याला ट्रकच्या रांगा, हवेत तो नेहमीचा आंबूस वास. पत्र्याच्या शेडमध्ये औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापणारा छापखाना होता. मालक कामतला ओळखत होते. मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली शिळाछापाचं जुनं यंत्र आणि भिंतीशी पाटावरवंट्याच्या पाट्यासारखे गुळगुळीत, जाड दगड उभे करून ठेवलेले. आणि वर भिंतीवर तेच चित्र. नंबर वेगळा, बाकी सगळं तेच. मी जवळ जाऊन पाहिलं. उजव्या गालावर तीळ, उजव्या खांद्यावर पदर.

कामतने एक लहानसा दगड पुढे ओढला आणि माझ्या हातात तेलकट खडू दिला. "नाव लिही तुझं."

मी लिहिलं, मंजू. तिने त्यावर ओलसर कागद ठेवला, मागून चमच्याच्या पाठीने खसाखसा घासला आणि उचलून मला दाखवला. "खरी पद्धत फार लांबलचक असते, पण तुला कळायला हे बस झालं."

कागदावर माझं नाव उलटं उमटलं होतं. आरशात दिसावं तसं.

मी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. अहो, आरशातल्या प्रतिमेत डाव्या-उजव्याची अदलाबदल होते हे दरवर्षी आठवीच्या वर्गात घसा फोडून शिकवणारी बाई मी! आणि मला हे सुचू नये?

"बाकीचे चित्रकार आधीच उलटं काढतात, म्हणजे छापल्यावर सुलटं येतं," कामत सांगत होती. "सर नाही. सर माणूस समोर बसवायचे आणि थेट दगडावर काढायचे. त्यामुळे छापात सगळं उलट. त्यांच्या चित्रातली सगळी माणसं डावखुरी म्हणून आम्ही त्यांना चिडवायचो. आणि हा पदर नीट बघ. गुजराथी पदर मागून पुढे येतो, हिचा पुढून मागे गेलाय. हा आपलाच पदर आहे गं, डाव्या खांद्यावरचा. छापताना उजवीकडे गेला."

"म्हणजे जी बाई सरांसमोर बसली होती, तिचा तीळ..."

"डाव्या गालावर. सरळ आहे."

मी शेडमध्येच कामतला मिठी मारली. छापखान्यातली माणसं बघायला लागली. माझ्या वहिनीचा तीळ उजवीकडे! डाव्या गालावर तीळ असलेली ती बाई वहिनी असणं शक्यच नाही! चेहरा योगायोग असेल, घाट योगायोग असेल, पण हे विज्ञान होतं. दादासारख्या माणसाला असाच पुरावा लागतो. मला इतका आनंद झाला होता की तो उलटा कागद मी घडी करून पर्समध्ये घेतला आणि तिथूनच रिक्षाने जुईनगरला निघाले.

त्या दुपारचा एकेक क्षण मी नंतर शंभरदा उकरून पाहिलाय. कुठे चक्कर आली का, डोळ्यांपुढे अंधारी आली का, रिक्षात डुलकी लागली का. काही नाही. ऊन होतं, घाम होता, रिक्षावाल्याशी मी सुट्ट्यावरून वाद घातला. सगळं रोजच्यासारखं.

दादाच्या घराचं दार उघडंच होतं आणि जिन्यातच शिऱ्याचा वास आला. मला जरा नवल वाटलं. आत गेले तर आई मटार सोलत बसलेली, दादा टीव्हीवर मॅच बघत होता आणि स्वयंपाकघरातून वहिनीच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. "आलीस का, बस. नंदाने शिरा केलाय," दादा म्हणाला. हसून म्हणाला. मला वाटलं, राग उतरला वाटतं याचा. बरंच झालं, आता तर माझं काम आणखी सोपं.

मला धीरच नव्हता. मी टीव्ही बंद केला. पर्समधला कागद काढला, दादाच्या मांडीवर ठेवला आणि वर्गात शिकवते तसं पहिल्यापासून सगळं सांगितलं. दगडावर सुलटं ते कागदावर उलटं. सर माणूस समोर बसवून थेट दगडावर काढायचे. मग टीव्हीच्या वरच्या चित्राकडे बोट दाखवून पदर समजावला. गुजराथी नव्हे, आपलाच, फक्त उलटा छापलेला.

दादा ऐकत होता. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. मला वाटलं त्याला पश्चात्ताप होतोय.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "खऱ्या बाईचा पदर डाव्या खांद्यावर होता."

"हो!"

"आणि तीळ डाव्या गालावर."

"हो! कळलं ना आता?" मी टाळी वाजवली.

आईने मटाराची शेंग ताटात ठेवली. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी शिऱ्याच्या बशा घेऊन उभी होती आणि तिच्या चेहऱ्याचा रंग पार उडाला होता. "वन्स," ती म्हणाली, "हे कशाला सांगितलंत ओ?"

मी तिच्याकडे पाहिलं. तीळ तिच्या डाव्या गालावर होता.

मला आधी वाटलं, माझी डाव्या-उजव्यात गल्लत होतेय. ती माझ्यासमोर उभी आहे म्हणून. मी उठले, तिच्या शेजारी जाऊन, ती जिकडे तोंड करून होती तिकडेच तोंड करून उभी राहिले आणि माझ्या डाव्या गालाला हात लावला. मग तिच्या. डावा. मी तिच्या उजव्या गालावर बोट घासून बघितलं. गाल स्वच्छ, काही नाही. ती लहान मुलासारखी मला बघू देत होती.

"वहिनी, तुमचा तीळ... उजवीकडे होता ना?"

"नाही ओ. जन्मापासनं इथंच हाय."

दादा बोलायला लागला. शांतपणे, एकेक शब्द मोजून. त्याचं म्हणणं असं – काल रात्री वहिनीनेच त्याला आरशासमोर नेऊन दाखवलं होतं. चित्रातली बाई उजव्या खांद्यावर पदर घेते, मी डाव्या. तिचा तीळ उजवीकडे, माझा डावीकडे. दोन्ही उलट, मग ती मी कशी? त्याला ते पटलं होतं. आपलं डोकं फिरलं होतं असं म्हणून त्याने तिची माफी मागितली होती. आज संध्याकाळी चित्र उतरवून ठेवणार होता. म्हणून शिरा.

"पण दादा, तूच मला म्हणालास! माझ्यासमोर! तीळसुद्धा त्याच गालावर!"

"मी म्हणालो, तीळसुद्धा त्याच जागी. फक्त गाल दुसरा. म्हणून तर मला झोप लागत नव्हती."

मी लग्नाचा अल्बम काढायला लावला. प्रत्येक फोटोत नथ आणि तीळ एकाच बाजूला. नथीच्या मोत्यांमागे अर्धा झाकलेला तीळ. मी वहिनीला म्हटलं, "जीपमध्ये मी तुम्हाला काय म्हटलं होतं, आठवतं? तुम्ही हसला होतात." ती म्हणाली, "आठवतं की. तुम्ही म्हणालात, वहिनी, नथ आणि तीळ दोन्ही एकाच बाजूला, दुसरा गाल रुसंल." मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "डावाच बाय तो. तुला काय झालंय?"

मग मी उलट फिरले. म्हटलं, कामतला काही कळत नाही, त्या सरांनी हे चित्र आधीच उलटं काढलेलं असेल, जगात दोन बायकांच्या डाव्या गालावर तीळ असू शकतो. जे जे सुचलं ते बोलले. हात जोडले. दादा म्हणाला, "मंजू, तू तिची बाजू घेऊन आली होतीस. तरी पुरावा तिच्याविरुद्धच निघाला. तू खोटं बोलणारी नाहीस, हे मला माहीत आहे." आणि त्याने टीव्ही पुन्हा लावला. शिरा कुणी खाल्ला नाही.

रविवारी त्याने तिला साताऱ्याला नेऊन सोडलं. ती परत आली नाही. दोन वर्षांनी कागदांवर सह्या झाल्या.

माझा राग दादावर आहे, तो मी लपवत नाही. बायकोच्या शब्दापेक्षा ज्याला शाईचा ठिपका खरा वाटतो, त्याला काय म्हणायचं? त्याने दुसरं लग्न केलं नाही, चित्रही उतरवलं नाही. आई शेवटच्या आजारपणात नंदाला बोलवा, नंदाला बोलवा म्हणायची आणि तो त्या चित्राखाली बसून ऐकायचा. त्याला तरी त्यातून काय मिळालं? काहीच नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी सगळ्या परीक्षा करून पाहिल्या. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आठवणी अशा पालटतात, घाबरू नका. असेल. पण मग माझी एकच आठवण का पालटली? बाकी सगळं आहे तिथेच आहे. घड्याळ डाव्या हातात, दादाच्या घराचं दार उजवीकडे उघडणारं, आईच्या पायावरचा भाजल्याचा डाग होता त्याच पायावर. फक्त तो मसुराएवढा तीळ. आणि तोही नेमका ज्या दुपारी वहिनीला वाचवायला निघाले त्याच दुपारी. आणि घरातल्या प्रत्येकाकडे त्याच्याशी जुळणारं मागचं सगळं तयार होतं, माझी स्वतःची थट्टासुद्धा. मला कुणी वेड्यात काढलं तर मी भांडणार नाही. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं.

वहिनीला मी पुढेही भेटत राहिले. साताऱ्यात ती बालवाडीत शिकवायची. केस लवकर पिकले. हसायची, पण ठसका लागेपर्यंत नाही. तिळाबद्दल मी तिच्याशी बोलत नसे, हिंमतच नव्हती. एकदा मात्र तीच म्हणाली. माहेरच्या पडवीत आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो.

"वन्स, तुम्हाला अजून उजवीकडंच आठवतो?"

"हो."

"आणि तसा असता, तर त्या दिवशी ह्यांनी ऐकलं असतं तुमचं?"

"ऐकलंच असतं. मी पुरावा घेऊन आले होते, वहिनी. ती, उजव्या तिळाची वहिनी, त्याच दिवशी सुटली असती."

तिने हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, "बरं झालं ओ. एक तरी सुटली."

ती चेष्टेने म्हणाली नाही. तिने त्या दुसरीसाठी मनापासून बरं मानलं होतं, आणि मला तिथे बसवेना. पाणी प्यायला म्हणून मी आत गेले आणि माजघरात एकटीच रडले.

या गोष्टीचा उलगडा माझ्याकडे नाही. इतक्या वर्षांनी कुणा वाचकाला तो सुचला, तर त्याने तो आपल्याजवळच ठेवावा. मला कळवू नये. वहिनी गेल्या वर्षी गेली.